हात जोडलेली माणसं

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून मी ‘क्षेत्रीय चाचणी प्रमुख’. सकाळी कल्याणहून निघताना हे पद नम्रताला मोठ्याने वाचून दाखवलं. ती डबा भरत होती. म्हणाली, “म्हणजे गाडीत बसून फिरायचं.” मी वाद घातला नाही. घरच्यांना अशा गोष्टी सगळ्यात शेवटी कळतात. म्हणून ही दैनंदिनी. पुढे कुणी विचारलं की आपल्याकडे स्वतःहून चालणारी गाडी रस्त्यावर कशी आली, तर निदान माझ्याकडे लिहिलेलं असेल.

आमच्या ‘मार्गदृष्टी’ कंपनीने एक यंत्रणा बनवली आहे. टपावर आणि पुढच्या काचेमागे कॅमेरे, डिकीत संगणक. महामार्गावर गाडी आपली आपण पट्टा धरून चालते, पुढच्या वाहनापासून अंतर राखते, आडवं काही आलं तर ब्रेक मारते. ड्रायव्हरने नुसतं बसायचं. आधी ही ट्रकांत बसवायची, मग सगळीकडे. शहापूर ते कसारा या भागात ती पास झाली की विक्री सुरू.

ऑफिस शहापुरात, खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या. माणसं तीन. मी शेखर. सॉफ्टवेअर पाहणारा हर्षित, जो हुशार आहे पण सतत चिक्की खातो. आणि सेफ्टी ड्रायव्हर सरिता. ती मुरबाडकडची, धसईची. आधी मुरबाड-कल्याण स्वतःची इको व्हॅन चालवायची, ती विकून आमच्याकडे आली. मी तिला समजावलं की सेफ्टी ड्रायव्हरने काहीच करायचं नसतं, फक्त धोका वाटला तर ब्रेक मारायचा.

“म्हणजे पगार काय नाय करायचा, का ब्रेक मारायचा?”

“दोन्हीचा.”

“मंग बरा हाय,” ती म्हणाली आणि एसी चालतो का ते बघून घेतलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली फेरी. आसनगावपासून गाडी स्वतःहून चालली. शब्द नाहीत. एका टँकरच्या मागे ती इतक्या समजुतीने वेग कमी करत गेली की मला माझे वडील आठवले. सरिता मांडीवर हात ठेवून बसली होती, पण तिचे हात मांडीला टेकलेले नव्हते, वीतभर वर होते.

खर्डी फाट्यावर चहा घेतला. बघायला माणसं जमली. एकाने विचारलं, “गाडी आपली चालते तर ड्रायव्हर कशाला?”

सरिता म्हणाली, “सर एकटे घाबरतात.”

तिला विनोदाची सवय आहे. कंपनीच्या संस्कृतीत बसेल हळूहळू.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज जीव वाचला. खर्डी फाट्याच्या अलीकडे गाडी सत्तरच्या वेगाने चालली होती. ती एकदम थांबली. भर महामार्गावर, मधल्या पट्ट्यात. मागून सिमेंटचा ट्रक येत होता. त्याने कशीबशी बाजू काढली आणि आमच्या आरशाला घासून पुढे गेला. त्याच्या क्लीनरने आम्हाला जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

समोर रस्ता मोकळा होता. हर्षित स्क्रीनकडे बघून म्हणाला, “सर, अकरा माणसं आहेत.”

“कुठे?”

“समोर. कडेला उभी आहेत, रस्त्यात उतरायच्या बेतात.”

सरिताने बोट दाखवलं. कडेला, वळणावर, बांबूंना बांधलेले आदेशभाऊ आणि त्यांचे दहा कार्यकर्ते उभे होते. फ्लेक्सचे, माणसाएवढे, बाह्यरेषेवर कापून काढलेले, हात जोडलेले. वर ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’.

“भाऊंना बघून थांबली सर,” सरिता म्हणाली. “हितं सगळीच थांबतात.”

परतीच्या वाटेवरही थांबली. त्या बाजूलाही भाऊ होते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आदेशभाऊंच्या कार्यालयात गेलो. मी फ्लेक्स फक्त दहा फूट मागे घेण्याची विनंती करणार होतो. भाऊ स्वभावाने नम्र वाटले. पांढरा शर्ट, आवाज हळू, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतात. त्यांनी मला दोनदा सगळं सांगायला लावलं.

“म्हणजे तुमच्या मशीनला मी खरा वाटलो.”

“हो भाऊ.”

“फोटोतला.”

“हो. तुम्ही रस्त्यात उतराल असं वाटलं तिला.”

भाऊ खोलीतल्या कार्यकर्त्यांकडे वळले. “ऐका रे. लोक बोंबलतात, भाऊ इलेक्शन झाल्यावर दिसत नाय. मशीनला दिसले.” मग मला म्हणाले, “सायब, फ्लेक्स हलवला तर गावात काय बोलतील? एका गाडीने भाऊंना हटवला. तुमीच सांगा, बरा दिसतो का?”

मला ते पटल्यासारखं झालं. निघताना त्यांनी शाल दिली. जिना उतरताना मागून ऐकू आलं, “आसनगावपर्यंत लावून टाका अजून.”

सायंकाळपर्यंत लागले. आता आसनगाव ते खर्डी गाडी चालत नाही, नुसती दचकत जाते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

भूमिका मॅडमचा फोन. त्या कंपनीच्या मालक. बोलणं मोजकं. “शेखर, मार्चमध्ये ट्रकवाल्यांना डेमो द्यायचाय. आपली गाडी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला अडकली हे मी कुणाला सांगू शकत नाही. शुक्रवारपर्यंत सोडव.”

हर्षितने एक उपाय काढला आणि मला तो खरंच सुंदर वाटला. फ्लेक्सवरची सगळी माणसं एकसारखी असतात: तोंड समोर, अंग स्थिर, दोन्ही हात छातीशी जोडलेले. अशी आकृती दिसली की ती चित्र समजून सोडून द्यायची. हर्षित स्वतः मात्र खूश नव्हता. “सर, रडार असता तर फ्लेक्स कुठला आणि माणूस कुठला ते आपोआप कळलं असतं.” रडार या आवृत्तीतून काढून टाकला आहे, किंमत बसत नव्हती.

“पण खरा माणूस महामार्गावर हात जोडून कशाला उभा राहील?” मी विचारलं.

“राहतो की,” सरिता दारातून म्हणाली.

मी तिला सांगितलं की हा संख्याशास्त्राचा विषय आहे. मी दुपारभर यावर विचार केला. आठवून पाहिलं. रस्त्यावर हात जोडून उभा असलेला माणूस मला एकही आठवला नाही. उपायाला मी ‘नमस्कार-गाळणी’ असं नाव दिलं आणि मंजुरीवर सही केली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आसनगाव ते कसारा, एकदाही न थांबता. सगळे भाऊ मागे पडत गेले. मॅडम स्वतः गाडीत होत्या. म्हणाल्या, “स्थानिक संस्कृतीशी जुळवून घेणारी यंत्रणा. हे सादरीकरणात टाक.” टाकलं.

ऑफिसखालचे खतवाले पेढे मागत होते. दिले. त्यांनी दोन्ही हात जोडून घेतले. लोक साधे आहेत इथले.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. सुट्टी असूनही फेरी केली, कारण गर्दीतली माहिती मिळत नाही एरवी. आटगावच्या पुढे एक शंकराचं देऊळ रस्त्याला अगदी लागून आहे. रांग बाहेर आलेली. बायका, म्हातारे, कडेवर मुलं. ज्यांना आत जाता येत नव्हतं ते डांबराच्या काठावरूनच कळसाकडे बघून नमस्कार करत होते. अशा गर्दीतही गाडीने वेग जराही कमी केला नाही. पंधरवड्यातली सगळ्यात सुरळीत फेरी म्हणावी लागेल.

सुरळीत झाली असती, असं म्हणायला हवं. सरिताने देवळाजवळ स्वतःच ब्रेक दाबून गाडी बैलगाडीच्या वेगाने काढली. अशा प्रत्येक ब्रेकची नोंद होते आणि ती यंत्रणेचं अपयश म्हणून धरली जाते. मी तिला शांतपणे म्हटलं, “ताई, विश्वास ठेवायला शिका.”

“देवावर हाय ना सर. म्हणून तर पाय ब्रेकवर ठेवते.”

हे उत्तर मला नीट कळलं नाही.

४ मार्च, मंगळवार



सकाळची वेळ. खर्डीच्या पुढे रस्ता सरळ आहे, दोन्ही बाजूंना जंगल. गाडी ऐंशीवर. मी स्क्रीनकडे बघत होतो. स्क्रीनवर काही नव्हतं. मग सरिताने ब्रेक मारला आणि मी पुढच्या सीटवर आपटलो. वर पाहिलं तर बॉनेटसमोर एक म्हातारी. डोक्यावर फाट्यांचा, म्हणजे सरपणाचा भारा, मान ताठ, आणि दोन्ही हात आमच्याकडे जोडलेले. तिच्या लुगड्याचा काठ बंपरला लागत होता.

स्क्रीनवर तेव्हाही काही नव्हतं. मी ते दोन्ही एकाच वेळी बघत होतो, काचेतून म्हातारी आणि स्क्रीनवर मोकळा रस्ता.

सरिता खाली उतरली. गिरजा म्हणून आहे ती, वरच्या पाड्यावरची. रोज रस्ता ओलांडून फाटी खर्डीला विकायला नेते. सरिताला ओळखत होती.

“गो आये, बघून नाय चालायचा?” सरिता ओरडली.

“हात जोडलं ना मी,” गिरजा म्हणाली. “आजून काय करू?”

ती असंच ओलांडते म्हणे. भारा दोन्ही हातांनी धरावा लागत नाही तिला, मोकळ्या हातांनी ती गाड्यांना विनवते आणि पाऊल टाकते. गाड्या थांबतात. आजवर थांबत आल्या.

मी खाली उतरलो नाही. उतरायला हवं होतं.

६ मार्च, गुरुवार

मॅडमशी व्हिडिओवर बैठक. मी घडलेलं सांगितलं. त्यांनी नोंदी उघडल्या.

“मंगळवारी आठ चाळीसला ब्रेक आहे. ड्रायव्हरने मारलेला. कारण: अडथळा नाही.”

“अडथळा होता मॅडम. एक बाई होती.”

“नोंदीत नाही.”

“गाळणीने तिला सोडलं. पण मी पाहिली ना.”

“शेखर,” मॅडम समजुतीने म्हणाल्या, “तू त्या गाडीत सेन्सर म्हणून बसला नव्हतास.”

हर्षित खाली मान घालून चिक्कीचा कागद उलगडत होता. मी गाळणी काढण्याबद्दल बोललो. मॅडम म्हणाल्या की गाळणी काढली तर गाडी फ्लेक्सला थांबेल, मागून ट्रक येईल आणि खरोखरची माणसं मरतील. हेही खोटं नाही. डेमो झाला की रडारचा विचार करू, असं त्यांनी आश्वासन दिलं. विचार करू म्हणाल्या, म्हणजे अर्धं काम झालंच.

मग सरिताचा विषय निघाला. तिचे ब्रेक फार आहेत. ट्रकवाल्यांना आकडे दाखवायचेत.

१० मार्च, सोमवार

सरिताला आज कमी केलं. पत्र मीच लिहिलं: ‘सदर चालकाची वाहन चालवण्याची पद्धत अतिसावध असून त्यांना आवश्यकता नसताना ब्रेक मारण्याची सवय आहे.’ मराठीत लिहिलं, तिला कळावं म्हणून.

तिने ते उभ्याउभ्या पूर्ण वाचलं. “आवश्यकता नसताना?”

“नोंदीप्रमाणे.”

“तुमी मागं बसला होतात सर.”

“होतो.”

ती वाट बघत राहिली. तिने पत्राची घडी घालून पर्समध्ये ठेवली, गाडीत स्वतःची पाण्याची बाटली राहिली होती ती घेतली आणि गेली. मुरबाडची एसटी तिला चालत जाऊन धरावी लागली असणार, कारण कंपनीची गाडी तिला सोडायला द्यावी हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

घरी फोनवर नम्रताला सांगितलं. ती म्हणाली, “आणि आता त्या सीटवर कोण बसणार?”

१८ मार्च, मंगळवार

मी बसणार. नवा सेफ्टी ड्रायव्हर मंजूर व्हायला महिना लागेल आणि डेमो शनिवारी आहे. माझ्याकडे लायसन्स आहे. मॅडमची एकच सूचना: “काहीही झालं तरी ब्रेकला पाय लावायचा नाही. पाय दिसेल असा बाजूला ठेव. ट्रकवाले मागच्या सीटवरून बघणार आहेत.”

ठिकाण खर्डी फाटा. मंडप घातलाय. आदेशभाऊ उद्घाटन करणार, त्यांच्याशिवाय मंडप घालता येत नव्हता. मी मंचावर कोण कुठे, हार कोणी द्यायचे, सगळं ठरवलं. भाऊ गाडीचं स्वागत करणार आहेत. कसं करणार ते विचारायचं राहिलं. करतील त्यांच्या पद्धतीने.

२२ मार्च, शनिवार

जसं झालं तसं लिहितो.

गाडी दोन किलोमीटरवरून येणार आणि मंडपासमोर ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यापुढे स्वतःहून थांबणार, असं ठरलं होतं. मी ड्रायव्हरच्या जागी, उजवा पाय बाजूला. शेजारी मॅडम. मागे गणूशेठ, मुरबाडचे, चाळीसेक ट्रकांचे मालक, आणि त्यांचा मॅनेजर. पोलिसांनी एक बाजू बंद करून दिली होती.

गाडी छान चालली होती. गणूशेठ म्हणाले, “आयला, झोपून जायाला मिळेल.” मॅडम हसल्या. मंडप दिसू लागला. ताशे ऐकू येऊ लागले. खोका दिसला, स्क्रीनवर त्याच्याभोवती लाल चौकोन आला. गाडीचा वेग जरासा उतरला.

मग भाऊ मंडपातून पुढे आले. त्यांनी कुणालातरी खूण केली आणि एका कार्यकर्त्याने खोका उचलून बाजूला नेला. खोक्याच्या जागी भाऊ स्वतः उभे राहिले. गळ्यात हार, तोंडावर हसू. आमच्याकडे बघून त्यांनी दोन्ही हात जोडले.

स्क्रीनवरचा लाल चौकोन गेला. रस्ता मोकळा झाला. गाडीने वेग वाढवला.

मॅडमने ते पाहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, समोरच बघत राहिल्या. त्यांचा हात दाराच्या दांडीवर घट्ट झाला. भाऊ हलले नाहीत. कशाला हलतील? त्यांना सांगितलं होतं की ही गाडी माणूस दिसला की थांबते, आणि त्यांना तर ती फोटोतसुद्धा ओळखत होती.

मी ब्रेक मारला. दोन्ही पायांनी मारला. गाडी घसरत गेली आणि थांबली. भाऊंच्या हारातल्या झेंडूच्या पाकळ्या बॉनेटवर पडल्या.

क्षणभर ताशे बंद. मग टाळ्या. इतक्या टाळ्या मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या. भाऊंनी बॉनेटवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि माइक मागवला. “जनतेच्या सेवकासमोर मशीनसुद्धा थांबली,” असं काहीतरी म्हणाले. मला नीट ऐकू आलं नाही. काच वर होती.

मला वडा दिला कुणीतरी. मी तो खाल्ला.

२३ मार्च, रविवार

मॅडमना फोन केला. म्हटलं, ब्रेक मी मारला.

“डेमो यशस्वी झाला ना?”

“मॅडम, तुम्ही पाहिलंत. तिने वेग वाढवला.”

“मी एक यशस्वी डेमो पाहिला. गणूशेठची ऑर्डरही आली. ती नोंद मी दुरुस्त करायला सांगितली आहे. थांबली ती यंत्रणाच. तुझं प्रमोशन मार्गी लावतेय, रविवारचं तोंड पाडून बसू नकोस.”

२५ मार्च, मंगळवार

आज दोन माणसांना खरं सांगायचं ठरवून निघालो.

आधी मुरबाडला गणूशेठकडे. त्यांच्या आवारात ट्रक धुतले जात होते. मी सांगितलं की गाडी थांबली नव्हती, मी थांबवली. ते विडी ओढत ऐकत होते.

“मला ठाऊक हाय. तुमचे गुडघे दिसत होते मागून.”

“मग तुम्ही ऑर्डर कशी दिली?”

“मशीन लावली का इन्शुरन्सचा हप्ता उतरतो सायब. आणि ड्रायव्हरचा पाय हायच की. तुमी मारला तसा तो मारेल.”

“तो झोपलेला असेल. तुम्हीच म्हणालात, झोपून जायला मिळेल.”

त्यांनी विडी विझवली. “सगळ्या ट्रकांत बसाया तुमी येणार का?” मी नाही म्हटलं. “मंग कशाला डोकं पिकवता माझा.”

मग शहापूरला भाऊंकडे. त्यांनी खोलीतल्या सगळ्यांना बाहेर पाठवलं. मी बोलायच्या आधीच म्हणाले, “तुमचा चेहरा बघितला मी काचेतून. माणूस घाबरतो कधी आणि मशीन थांबते कधी, ते समजतो आमाला.”

“मग भाऊ, तुम्ही सांगा ना लोकांना. तुमचं ऐकतील.”

“काय सांगू? मशीनला मी दिसलोच नाय?” ते हसले नाहीत. पाणी प्यायले. मला वाटतं त्यांना तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली, पण गाडीची नाही. “सायब, माझ्या घरात म्हातारी आई हाय. तिला सांगितलंय, गाडी थांबली. तेवढंच राहू द्या.”

परत शाल दिली. आता माझ्याकडे दोन आहेत.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी ऑफिसात गेलो आणि हर्षितला म्हटलं, “गाळणी काढ.”

“मॅडमनी सांगितलं?”

“चाचणी प्रमुख मी आहे. लेखी देतो.”

त्याने लेखी मागितलंच नाही. दोन मिनिटांत काढली. माझा अंदाज आहे की तो महिनाभर कुणीतरी हे म्हणायची वाट बघत होता. मग ट्रकमध्ये जाणारी प्रतही त्याने बदलली, आणि मी बघतोय हे पाहून म्हणाला, “सर, हे पण तुम्हीच सांगितलंत.” मी म्हटलं, सांगितलं.

मी स्टिअरिंगवर, तो शेजारी. कडेच्या पट्ट्यातून, दिवे लुकलुकत, चाळिसाच्या वेगाने निघालो. गाडी प्रत्येक भाऊपाशी थांबली. मागचे लोक शिव्या घालत होते. एका रिक्षावाल्याने बाजूला येऊन विचारलं, “काका, नवीन शिकताव का?”

खर्डीच्या पुढच्या सरळ रस्त्यावर गाडी पुन्हा थांबली. तिथे फ्लेक्स नव्हता. भारा घेऊन गिरजा येत होती. स्क्रीनवर तिच्याभोवती लाल चौकोन होता, जरा तिरका, भाऱ्याला पण माणूस धरणारा. तिने हात जोडले, रस्ता ओलांडला आणि झाडीत उतरली. आमच्याकडे पाहिलंही नाही.

हर्षित म्हणाला, “दिसली.”

मी हो म्हटलं. आम्ही बराच वेळ तिथेच उभे होतो. मागचा ट्रक हॉर्न वाजवत होता.

४ एप्रिल, शुक्रवार

गणूशेठच्या पहिल्या दोन ट्रकांत यंत्रणा बसवली होती. ते ट्रक आटगावपर्यंत तीसेक वेळा थांबले. त्यांनी यंत्रणा उखडून आमच्या ऑफिसच्या जिन्यात आणून टाकली. ऑर्डर रद्द.

मॅडम आल्या, ओरडल्या नाहीत. चाचणी आता एका खासगी ट्रॅकवर होणार आहे, चारी बाजूंनी कुंपण, आत कुणालाही प्रवेश नाही. “तिथे निकाल चांगले येतील,” त्या म्हणाल्या. मीही म्हटलं, नक्की येतील, माणसंच नाहीत. हे मी उपहासाने म्हटलं नव्हतं, पण त्यांनी तसं घेतलं. माझा राजीनामा त्यांच्याकडे तयार होता, फक्त सही करायची होती.

हर्षित ट्रॅकवर जातोय. रडार मागून घेईन म्हणाला. निघताना चिक्कीचा अख्खा पुडा माझ्या टेबलावर ठेवून गेला.

आदेशभाऊंनी परवा पक्ष बदलला. सगळे फ्लेक्स त्यांच्याच पोरांनी एका दुपारी काढले. रस्ता आता आसनगावपासून मोकळा आहे.

९ एप्रिल, बुधवार

आज धसईला सरिताच्या घरी गेलो. काय बोलायचं ते एसटीत तीनदा ठरवलं आणि तीनदा बदललं. घरी सासू होती. म्हणाली, सरिता मुरबाडला, शाळेच्या गाडीवर. परत मुरबाडला आलो. एका शाळेच्या फाटकाबाहेर पिवळी व्हॅन उभी होती आणि सरिता टायरला लाथ मारून हवा बघत होती.

मला पाहून तिने दार उघडलं. “बसा. सुटायला टाइम हाय.”

मी सांगितलं. ती बाई रस्त्यात होती, मी पाहिली होती, आणि पत्रात जे लिहिलं ते मला खोटं आहे हे माहीत असून लिहिलं. सरिता ऐकत होती आणि आरसा पुसत होती.

“त्या टायमाला बोलला असता त बरा झाला असता.”

“हो.”

“इको विकून आलते मी तुमच्याकडं.”

मी विचारलं, ही नोकरी कशी मिळाली.

“तुमच्या पत्रावर.” ती पहिल्यांदा हसली. “मॅनेजर बोलला, आधीच्या कंपनीचा काय हाय का. मी दिला. त्यानं वाचला. ‘आवश्यकता नसताना ब्रेक मारण्याची सवय.’ दोनदा वाचला. बोलला, बाई, उद्यापासून या. पालक लोकांच्या मीटिंगीत पण वाचून दाखवला म्हणं.”

मी हसलो आणि मग मला ते हसू आवरेना. मी थांबेपर्यंत ती बघत बसली. नंतर मी गमतीत म्हटलं, की माझी नोकरी गेली आहे, तुमच्या शाळेत दुसरी गाडी आहे का.

“हाय. सरळगावची. ड्रायव्हर पायजे त्यांना.” तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. गंमत करत नव्हती. “तुमच्याकडं हाय काय तसा पत्र?”

नाही. मी आयुष्यात एकदा वेळेवर ब्रेक मारला आणि कंपनीच्या नोंदीत तो गाडीने मारलेला आहे. हे तिला सांगितलं.

आत घंटा झाली. मुलं पळत येऊ लागली. सरिता खाली उतरली आणि दार धरून उभी राहिली. एकेकाला आत घेता घेता म्हणाली, “उद्या सकाळी या. पोरं चढायच्या आधी रिकामी गाडी देते चालवायला. मी शेजारी बसते. बघू तुमचा पाय कुठं जातो ते.”

सहाची पहिली एसटी आहे. नम्रताला अजून काही सांगितलेलं नाही. आधी पास होऊ दे.